मिक्सर सोडा म्हणणाऱ्यांनी आधी चटणी सोडावी



भाद्रपद जवळ आला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. एक, पर्युषणाची वर्गणी. दुसरी, दशलक्षणाच्या नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्य धर्मावर बोलता बोलता आपल्या मिक्सरवर येणारी गाडी. वक्ता गावातला असो की बाहेरून बोलावलेला, बोलणं तेच. पूर्वीच्या श्राविका पहाटे उठून जात्यावर दळायच्या, पाट्यावर वाटायच्या, म्हणून निरोगी होत्या. आता घरोघरी मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन; परिग्रह वाढला, हिंसा वाढली, बायका आळशी झाल्या. मग हात वर करायला सांगतात. चातुर्मास संपेपर्यंत मिक्सर कोण सोडणार? मशीन कोण सोडणार? बायकांच्या बाजूला पटापट हात वर जातात, कारण शेजारणीचा वर गेलेला असतो. पुरुषांच्या बाजूला त्या वेळी दोघंतिघं मोबाईल बघत असतात.

या बोलण्याचा मला राग येतो. हा राग धर्मावर नाही, धर्माच्या नावाने मांडल्या जाणाऱ्या खोट्या हिशेबावर आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. जमाखर्चाची एकच बाजू कुणी वाचून दाखवली, की मला दुसरी बाजू विचारल्याशिवाय राहवत नाही. आज ती दुसरी बाजू मांडते.

आधी बघू, घरात काय कधी आलं.

गारगोटीतल्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिच्या घरात यंत्रं कोणत्या क्रमाने आली. बहुतेकींचं उत्तर सारखंच येईल. आधी सायकल. मग ट्रान्झिस्टर, ज्यावर घरातले कर्ते पुरुष आकाशवाणी सांगलीच्या बातम्या आणि बाजारभाव ऐकायचे. मग लूना किंवा स्कूटर. मग टीव्ही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आपल्याकडच्या घरांमध्ये टीव्हीची खरी लाट आली ती ऐंशीच्या दशकात. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण लागायला लागलं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या सोप्यात अर्धी गल्ली बसायची. पुढे टेलिफोन आला आणि शेवटी मोबाईल.

आता मिक्सर. हे काही कालपरवाचं यंत्र नाही. प्रेशर कुकर आपल्या देशात १९५९ पासून बनतो आहे. सुमीतचा मिक्सर १९६३ चा, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्याही नऊ वर्षं आधीचा. भारतीय बाईला ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ वाटायची असते, परदेशी मिक्सरची मोटर त्याने जळते, म्हणून मुद्दाम आपल्या स्वयंपाकासाठी तयार केलेलं यंत्र होतं ते. तरी आपल्यापैकी कितीजणींच्या घरात मिक्सर टीव्हीच्या आधी आला? आणि आला तो कुठून? बहुतेकींच्या घरी तो रुखवतातून आला. कुकर आईने दिला, मिक्सर मामाने आहेरात दिला. म्हणजे सासरच्या कमाईतून विकत घेतलेलं यंत्र सोप्यात बसलं, आणि स्वयंपाकघरातलं यंत्र सुनेने माहेरून आणलं. ज्या वस्तूवर घराने एक रुपया खर्च केला नाही, ती सोडायला सांगताना मात्र घराचा परिग्रह आठवतो.

हा माझा गल्लीतला अनुभव आहे म्हणून कुणी सोडून देऊ नका. सरकारच्या वहीतही तेच दिसतं.

२००१ आणि २०११ च्या जनगणनेत घरोघरी जाऊन विचारलं गेलं, तुमच्याकडे कोणकोणत्या वस्तू आहेत. यादीत रेडिओ, टीव्ही, टेलिफोन, सायकल, स्कूटर किंवा मोटारसायकल, आणि मोटारगाडी. २०११ ला संगणक, इंटरनेट आणि मोबाईल त्यात वाढले. स्वयंपाक कोणत्या जळणावर होतो हे वेगळं विचारलं, पण वस्तूंच्या यादीत मिक्सर नाही, फ्रीज नाही, धुण्याचं मशीन नाही, शिलाई मशीनसुद्धा नाही. वर शेवटी एक रकाना होता, यापैकी एकही वस्तू नसलेली घरं. म्हणजे एखादी बाई शिलाई मशीन चालवून घर ओढते आहे, रुखवतातला मिक्सर तिच्याकडे आहे, पण टीव्ही नाही की फोन नाही, तर सरकारच्या लेखी तिच्या घरात काहीच नाही. बाईच्या हाताखालची वस्तू ही वस्तूच नव्हे, असा त्याचा अर्थ झाला.

आता आकडे बघा. देशातल्या शंभर घरांपैकी टीव्ही असलेली घरं २००१ ला ३१.६ होती, २०११ ला ४७.२ झाली. टेलिफोन किंवा मोबाईल असलेली घरं दहा वर्षांत ९.१ वरून ६३.२ वर गेली. दुचाकी ११.७ वरून २१ वर गेली. रेडिओ मात्र ३५.१ वरून १९.९ वर आला, कारण त्याची जागा टीव्हीने आणि मोबाईलने घेतली. याच २०११ च्या जनगणनेत पिण्याचं पाणी घराच्या आवारातच मिळणारी घरं किती? ४६.६. म्हणजे टीव्ही असलेल्या घरांपेक्षाही थोडी कमीच. निम्म्याहून जास्त घरांत पाणी बाहेरून आणावं लागत होतं, आणि ते कोण आणतं हे मी तुम्हाला सांगायला नको. माणसाच्या कानाला लागणारं यंत्र दहा वर्षांत घराघरांत पोचलं. कमरेवरची घागर उतरवणारा नळ मागे राहिला.

करांचं बघा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोबाईलवर १२ टक्के कर होता. मिक्सर, फ्रीज आणि धुण्याच्या मशीनवर २८ टक्के, म्हणजे चैनीच्या वस्तूंचा दर. वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये, या तिन्हींचा कर १८ टक्क्यांवर आला. भांडी घासायचं मशीन मात्र २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्क्यांतच होतं. आणि सोनं? सोन्यावर ३ टक्के. तिजोरीत पडून राहणारं सोनं ३ टक्क्यांत आणि रोज तीन वेळा भांडी घासणारं यंत्र २८ टक्क्यांत! परिग्रह कशाला म्हणावा याबद्दल सरकारचा आणि आपल्या व्यासपीठाचा एवढा एकविचार मी दुसऱ्या कुठल्या विषयात पाहिला नाही.

आता आळशीपणाचा आरोप. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, आणि २०२४ मध्ये पुन्हा. २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. २०२४ मध्ये २८९ मिनिटं. पाच वर्षांत घरातली यंत्रं वाढली आणि बाईची सुटका झाली ती दहा मिनिटांची. अजूनही दिवसाचे पावणेपाच तासांहून जास्त. पुरुषांचं काय? मुळात घरकाम करतो असं सांगणारे पुरुषच शंभरात सव्वीस-सत्तावीस. आणि जे करतात त्यांची मिनिटं ९७ वरून ८८ वर आली. आळस नेमका कुणाच्या खात्यावर लिहायचा, हे मी वाचणारीवर सोडते.

यंत्रं येऊनही काम का घटत नाही, याचं उत्तर रूथ श्वार्ट्झ कोवान नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घरात आलेल्या यंत्रांनी आधी पुरुषांची आणि मुलांची कामं काढून घेतली. लाकूड फोडायचं राहिलं नाही, पाणी आणायचं राहिलं नाही. बाईचं काम राहिलंच, वर स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. हे अमेरिकेचं झालं. पण आपल्याकडे नजर टाका. पूर्वी दळणाचा डबा गिरणीत न्यायचं काम पोरांचं होतं. घरघंटी आली आणि ते आईकडे आलं. सरपण आणायचं, फोडायचं काम गडी नाहीतर घरातले पुरुष करायचे. गॅस आला, ते मोकळे झाले. मोठं धुणं परटाकडे जायचं. मशीन आलं, परीट थांबला आणि पलंगपोस महिन्याऐवजी दर आठवड्याला धुतला जाऊ लागला. तो मशीनमध्ये टाकते कोण, वाळत घालते कोण, घड्या करते कोण? यंत्राने वेळ वाचवला हे खरंच आहे. पण वाचलेला वेळ बाईच्या नावावर जमा झाला नाही. तो घराने परस्पर उचलला.

आता धर्माकडे येते, कारण मूळ वाद तिथे आहे.

पहिला मुद्दा. जातं म्हणजे अहिंसा आणि मिक्सर म्हणजे हिंसा, हे कुणी सांगितलं? गृहस्थाच्या घरात रोज घडणाऱ्या हिंसेची पाच ठिकाणं आपल्याकडे सांगितली आहेत: दळणं, कांडणं, चूल, पाणी आणि झाडणं. त्यात जातं आहे, उखळही आहे. शास्त्रकारांनी जात्याला पावित्र्याचं प्रमाणपत्र दिलेलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की गृहस्थाला ही हिंसा टळत नाही, म्हणून धान्य निवडून घ्या, पाणी गाळून घ्या, पाहून-शोधून काम करा आणि दान करून तो दोष हलका करा. निवडलेलं धान्य घरघंटीत घातलं काय आणि जात्यात घातलं काय, निवडण्यात धर्म आहे. उलट पिठाच्या मर्यादेचा नियम पाळायचा, म्हणजे पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि थंडीत सात, तर ज्या घरात घरघंटी आहे तिथे तो सहज पाळता येतो. थोडं थोडं दळून घेता येतं. गिरणीतून एकदम दहा किलो आणणाऱ्या घरात तो नियम कुणी पाळताना दिसत नाही.

धुण्याचंही तसंच. भुदरगडातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर कपडे दोरीवर तीन-तीन दिवस ओले राहतात, कुबट वास येतो, बुरशी धरते. बुरशीत किती जीव असतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मशीनमध्ये पिळून निघालेला कपडा लवकर वाळतो, तिथे जीवोत्पत्तीला जागाच राहत नाही. पाणी गाळायचं असेल तर साध्या मशीनमध्ये गाळलेलं पाणी बादलीने ओतता येतं, मी तसंच करते. आणि पूर्वी धुणं कुठे व्हायचं? वेदगंगेवर. साबणाचा, सोड्याचा फेस थेट नदीत, मासोळ्यांच्या तोंडात. त्या काळाला अहिंसेचं सुवर्णयुग म्हणायचं असेल तर म्हणा, पण नदीला विचारून म्हणा.

दुसरा मुद्दा याहून मोठा आहे. आपल्या धर्मात हिंसेचा दोष फक्त करणाऱ्याला लागत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केल्याला मान्यता देणं, तिन्ही सारखीच बांधतात. मिक्सर फिरवणं ही हिंसा असेल, तर तो फिरवायला लावणारा आणि ताटात वाढलेली चटणी बोटं चाटून खाणारा, दोघंही त्यात आले. मग मिक्सर सोडायचा नियम एकटी बाई कसा घेऊ शकेल? खरा नियम असा होईल: चातुर्मासात वाटलेलं काहीच खाणार नाही. ना चटणी, ना वाटणाची आमटी, ना पुरणपोळी. हा नियम पुरुषांच्या बाजूने घेतलेला मी आजवर पाहिलेला नाही. मिक्सर सोडला जातो, चटणी राहते, आणि मध्ये उरतात ते बाईचे खांदे.

तिसरा मुद्दा परिग्रहाचा. परिग्रह-परिमाण व्रतात बाह्य परिग्रहाची यादी आहे. शेत, घर, चांदी, सोनं, पशुधन, धान्य, दासी, दास, कपडे, भांडी. ही यादी आपण पाठ म्हणतो, पण त्यातला दासी हा शब्द जरा थांबून वाचा. दुसऱ्या माणसाचे कष्ट स्वतःसाठी साठवून ठेवणं हाही परिग्रह आहे, हे आपल्या आचार्यांना एवढ्या जुन्या काळी दिसलं होतं. ज्या घराने मशीन सोडलं आणि ते धुणं सुनेवर किंवा कामाला येणाऱ्या बाईवर टाकलं, त्या घराने वस्तूच्या रकान्यातून एक वस्तू कमी केली आणि दासीच्या रकान्यात एक वाढवली. हिशेब तपासणारा अशा वहीवर सही करणार नाही.

आणि उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची जी व्याख्या केली आहे, ती वस्तूंच्या संख्येवर नाहीच, आसक्तीवर आहे. त्या मापाने घर मोजून बघा. मिक्सर बिघडला तर बाई पाट्यावर वाटून घेते आणि दुरुस्तीला टाकते. तिची झोप उडत नाही. मोबाईल अर्धा तास सापडला नाही तर घरातल्या कर्त्या माणसाची अवस्था काय होते? दोन वर्षांत चांगला चालणारा फोन बदलला जातो तो कशासाठी? नवी गाडी आली की तिला हार घालून बस्तीपर्यंत नेतात, गल्लीत पेढे वाटतात. मिक्सर आल्यावर कुणी पेढे वाटले? आसक्ती कुठे आहे हे बघायला फार मोठ्या ज्ञानाची गरज नाही.

काहीजणी म्हणतील, पण व्रती बायका खरंच हाताने दळतात, महाराजांच्या आहाराच्या चौक्यात विजेची यंत्रं चालत नाहीत. त्यांना माझा नमस्कार आहे. चौका लावायचा दिवस असला की मीही हाताने वाटते, कारण तो नियम मी स्वतः पत्करलेला आहे. व्रत म्हणजे स्वतःने, स्वतःच्या शक्तीप्रमाणे, स्वतःवर घातलेली मर्यादा. ज्याचा नियम, त्याचे कष्ट, एवढी साधी गोष्ट आहे. एकाने नियम घोषित करायचा आणि दुसरीने तो निभवायचा, याला व्रत म्हणत नाहीत, याला हुकूम म्हणतात. आमच्या ओळखीतल्या एका घरात सासूबाईंनी सभेत हात वर केला आणि चार महिने धुणं केलं ते सुनेने, तेही नोकरी सांभाळून. पुण्य कुणाच्या नावावर गेलं ते माहीत नाही. पण मनगटाचं दुखणं कुणाच्या वाट्याला आलं ते सगळ्यांना माहीत आहे.

नवीन वस्तू म्हणजे पाप, ही आपल्या समाजाची परंपराही नाही. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे. रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढण्याआधी त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री केली. गावोगाव फिरून कंदील आणि नांगर विकणाऱ्या माणसाला कुणी परिग्रह वाढवतो म्हणून बोल लावला नाही. आणि त्याग कसा असतो हे बघायचं तर लक्ष्मीबाईंकडे बघा. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांनी स्वतःचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. ते त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून तो त्याग झाला. दुसरीचा मिक्सर सोडून कुणी त्यागी होत नाही.

आता आपल्या बाजूचंही बोलते, नाहीतर हा हिशेबही एकतर्फी व्हायचा. माळ्यावर काय काय पडलं आहे, एकदा चढून बघा. सँडविचचं यंत्र, ज्यूसर, केक करायचा ओव्हन, आता नवीन आलेलं तेलाशिवाय तळायचं भांडं. भिशीतल्या कुणाकडे आलं म्हणून आपल्याकडे आलं, दोनदा वापरलं आणि खोक्यात गेलं. तो मात्र चोख परिग्रह आहे, कारण त्याने कुणाचे कष्टही वाचत नाहीत. फ्रीजचंही तेच. भाजी ताजी ठेवायला फ्रीज हवा, पण कालची आमटी आज आणि आजची उद्या खायला घालणार असू, तर फ्रीजने अन्नाची मर्यादा वाढत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आणि पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र एका घागरीमागे किती पाणी मोरीत सोडतं, ते एक दिवस बादली लावून मोजा. ते पाणी फरशीला, भांड्यांना वापरता येतं. आपलं गाळणं बाजूला ठेवून यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्या घरात जिवाणी परत पाण्यात सोडायची रीतही गेली, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणजे सगळी यंत्रं चांगली असं माझं म्हणणं नाहीच. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारायचा. तू कुणाचे कष्ट कमी करतोस, आणि किती?

शेवटचा मुद्दा मालकीचा. वस्तू घरात असणं आणि बाईची असणं यात फार अंतर आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ९३ टक्के घरांत मोबाईल होता. पण स्वतः वापरते असा मोबाईल आहे असं सांगणाऱ्या बायका ५४ टक्के. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. घर म्हणून मोजलं की बाई आकड्यात दिसते. बाई म्हणून मोजलं की ती निम्मीच उरते.

हे अंतर आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२५ च्या जुलैअखेरीस नांदणी मठाच्या महादेवी हत्तीणीला वनताराला नेलं आणि कोल्हापूर जिल्हा हळहळला. जिओवर बहिष्काराची मोहीम निघाली, लोक सिम बदलून घ्यायला लागले. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपण दहा वर्षं वापरतो तो नंबर आपल्या नावावरच नाही, नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर आहे. लाडकी बहीण योजनेच्या केवायसीच्या वेळी तेच. पैसे बाईच्या खात्यात, पण ओटीपी जातो भलत्याच खिशातल्या फोनवर. एका हत्तीणीसाठी आपण सगळे मिळून सिम बदलू शकतो, तर स्वतःसाठी सिमवरचं नाव का बदलू नये?

म्हणून यंदाच्या पर्युषणासाठी मी एक सुचवते. नियम घ्यायचाच असेल तर पूर्ण घराने घ्यायचा, आणि त्याआधी एक वही करायची. पाच रकाने आखा. घरातली वस्तू कोणती, बिल कुणाच्या नावावर, रोज वापरतं कोण, ती नसेल तर कुणाचं किती काम वाढेल, आणि गेल्या वर्षात ती किती वेळा वापरली. दुचाकीपासून चार्जरपर्यंत सगळं लिहा. माळ्यावरचंही लिहा, सोप्यातलंही लिहा. हे काम क्षमेच्या पहिल्या दिवशी सुरू केलं तर आकिंचन्याच्या नवव्या दिवसापर्यंत सहज पुरं होतं.

मग वहीसमोर सगळे बसा. वर्षात दोनदाच वापरलेलं यंत्र ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाका. एका माणसामागे दोन-दोन फोन असतील तर तिथे मर्यादा घाला. तीन माणसांच्या घरात तीन दुचाक्या असतील तर पुढची पाच वर्षं चौथी आणायची नाही असं ठरवा. दशलक्षणाचे दहा दिवस टीव्ही बंद ठेवा, हा नियम सगळ्यांना सारखा पडतो. आणि ज्या वस्तूपुढे चौथ्या रकान्यात बाईचं नाव आणि तासांचा आकडा आला असेल, ती वस्तू त्या बाईला विचारल्याशिवाय कुणीही सोडायची नाही. तिने स्वतः सोडायची म्हटलं तर तिचं अभिनंदन करा. पण मग तेवढे तास कुणी उचलायचे, तेही त्याच बैठकीत नावानिशी लिहा.

यंत्राने वाचलेला वेळ कुठे घालवता, असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर तयार ठेवा. अर्धा तास स्वाध्याय, सकाळ-संध्याकाळ सामायिक. नाहीतर पाय पसरून नुसतं बसणं, त्यालाही बाईला हक्क आहे. दमलेल्या शरीराने, चूल पेटत ठेवून, एक डोळा दुधावर ठेवून केलेलं सामायिक कसं होतं ते आपण सगळ्या जाणतो. चित्त स्थिर करायला आधी हात मोकळे लागतात.

आणि नवव्या दिवशी सभेत पुन्हा तोच प्रश्न आला, मिक्सर कोण कोण सोडणार, तर हात वर करण्याआधी उभ्या राहा. नम्रपणे, हात जोडून विचारा: दादा, चटणी कोण कोण सोडणार? आधी ते हात मोजा. मग आमचे मोजा.